पाच टोपल्या, एक सरासरी

मे महिन्यात खर्डी स्टेशनाबाहेर आणि मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला करवंदं-जांभळांच्या टोपल्या घेऊन बाया बसतात. पहाटे रानात जाऊन तोडलेली फळं, पानाच्या द्रोणात वाटे. कसारा लोकलने कल्याण-ठाण्याला क्लासला जाणारी मुलं याच टोपल्यांवरून पुढे जातात आणि गाडीत बसली की गणिताचं पुस्तक उघडतात. त्या पुस्तकातला त्यांना सगळ्यात नकोसा वाटणारा प्रकार म्हणजे डेटा सफिशियन्सी, माहितीची पर्याप्तता. त्यातही सरासरी आणि किमान मूल्य एकत्र आलं की चांगली मुलंही अडखळतात. म्हणून हा लेख त्या टोपल्यांवरच बांधला आहे. टोपल्यांचे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत.

प्रश्न काय विचारतो?

प्रश्नाखाली दोन विधानं असतात. विचारलेल्या गोष्टीचं एकच, ठाम उत्तर काढायला कोणतं विधान पुरतं, एवढंच सांगायचं असतं. पहिलं एकटं, दुसरं एकटं, दोघांपैकी कोणतंही, दोन्ही मिळून, किंवा दोन्ही मिळूनही नाही, असे पाच पर्याय बँकांच्या परीक्षांत बहुधा असतात. परदेशी व्यवस्थापन अभ्यासक्रमांसाठीच्या जीमॅटमध्येही हाच प्रकार आहे. नोव्हेंबर 2023 पासूनच्या नव्या स्वरूपात तो गणिताच्या विभागातून काढून डेटा इनसाइट्स या विभागात ठेवला आहे. पर्यायांचा क्रम मात्र परीक्षेगणिक बदलतो. पाठ केलेल्या क्रमावर विसंबून खूण करणाऱ्यांचे हकनाक गुण जातात, तेव्हा पर्याय दर वेळी वाचावेतच.

शाळेत आपल्याला उत्तर काढायची सवय लागलेली असते. इथे उत्तर निघेल की नाही, हे कळलं की थांबायचं. माहिती अपुरी आहे हे दाखवायला एकच गोष्ट करावी लागते: विधानात बसणारी, पण वेगवेगळी उत्तरं देणारी दोन उदाहरणं शोधायची. अशी जोडी सापडली की विषय संपला.

सरासरी ही बेरीजच

पाच टोपल्यांची सरासरी 12 किलो, असं वाचलं की कागदावर लगेच 60 लिहावेत. सरासरीवर हिशेब करता येत नाही, बेरजेवर करता येतो. टोपल्या किती हे माहीत नसेल, तर सरासरीवरून बेरीजही कळत नाही. संख्या दिली आहे का, हे आधी बघायचं ते यासाठी.

ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. 1150) खातव्यवहार म्हणून खणलेल्या खड्ड्यांच्या हिशेबाचं प्रकरण आहे. खड्ड्याची रुंदी किंवा खोली सगळीकडे सारखी नसेल, तर अनेक ठिकाणी मापं घ्यावीत, त्यांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजलं त्या संख्येने भागावं, ही रीत तिथे दिली आहे. या मापाला ते सममिती म्हणतात. आज शेततळ्याची माती मोजणारा माणूस हेच करतो. सममितीवरून एकूण माती किती निघाली ते कळतं. तळं सगळ्यात उथळ कुठे आहे, ते मात्र त्यातून कळत नाही.

सगळ्यात हलकी टोपली

आता मुख्य प्रश्न. पाच बायांच्या पाच टोपल्या आहेत. सगळ्यात हलकी टोपली किती किलोची?

पहिलं विधान: सरासरी वजन 12 किलो.
दुसरं विधान: सगळ्यात जड टोपली 12 किलोची.

बहुतेक मुलं लगेच सांगतात की दोन्ही मिळूनही अपुरी, कारण हलक्या टोपलीबद्दल काही सांगितलेलंच नाही. पण नीट बघा. एकूण 60 किलो आणि एकही टोपली 12च्या वर नाही. एखादी 11 किलोची निघाली, तर तो कमी पडलेला एक किलो भरून काढायला दुसरी 13 किलोची लागेल, आणि तशी मुभा नाही. म्हणजे पाचही टोपल्या 12 किलोच्याच. दोन्ही विधानं मिळून माहिती पुरेशी आहे. सरासरी आणि कमाल एकच असेल, तर सगळी मूल्यं समान असतात. सरासरी आणि किमान एकच असेल, तरीही तसंच.

आता दुसरं विधान थोडं बदलू: सगळ्यात जड टोपली 14 किलोची. बेरीज 60च. इथे 14, 14, 14, 14, 4 हेही चालतं आणि 14, 12, 12, 11, 11 हेही. पहिल्यात हलकी टोपली 4 किलोची, दुसऱ्यात 11 किलोची. दोन उत्तरं आली, माहिती अपुरी.

यात आणखी एक अट घालू: सगळी वजनं वेगवेगळी आणि पूर्ण किलोत आहेत. आता 14च्या खाली जास्तीत जास्त 13, 12, 11, 10 अशीच वजनं घेता येतात, आणि 14, 13, 12, 11, 10 यांची बेरीज बरोबर 60 भरते. कोणतंही वजन एका किलोने जरी उतरवलं, तरी बेरीज 60 होणार नाही. हलकी टोपली 10 किलोची, दुसरा पर्यायच नाही. ‘पूर्ण किलोत’ हे शब्द काढून फक्त ‘वेगवेगळी’ ठेवलं, तर 14, 13.9, 13.8, 13.7, 4.6 हेही बसतं आणि माहिती पुन्हा अपुरी होते.

मुलांकडून हे एकच गणित चार अटींनी चार वेळा सोडवून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. वेगवेगळी चाळीस गणितं सोडवून जे हाती लागत नाही, ते इथे लागतं. पूर्णांक आहेत का, समान असू शकतात का, शून्य चालेल का, या तीन शंका मग आपोआप मनात येतात.

‘किती आहे’ आणि ‘कमीत कमी किती असू शकेल’

जड टोपली 14 किलोची, सरासरी 12, बाकी अट नाही, हाच प्रश्न पुन्हा घेऊ. ‘हलकी टोपली किती किलोची आहे?’ याला माहिती अपुरी होती. पण प्रश्न ‘हलकी टोपली कमीत कमी किती किलोची असू शकेल?’ असा असेल, तर उत्तर ठाम 4 आहे, म्हणजे तीच माहिती पुरेशी आहे. एखादं मूल्य शक्य तेवढं खाली न्यायचं असेल, तर उरलेली सगळी शक्य तेवढी वर चढवायची: चार टोपल्या 14च्या, म्हणजे 56, उरले 4. विधानं तीच, आकडे तेच, फक्त क्रियापद बदललं आणि पर्याय बदलला. माझ्या पाहण्यात या प्रकरणात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या गणिताच्या नसतात, वाचनाच्या असतात.

होय की नाही

‘निदान एक टोपली 12 किलोची किंवा त्याहून जड आहे का?’ अशा प्रश्नाला सरासरी 12 एवढं एकच विधान पुरतं, कारण सगळ्याच टोपल्या सरासरीच्या खाली असू शकत नाहीत. उत्तर ठाम ‘नाही’ आलं, तरी माहिती पुरेशीच असते. ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ यांत गल्लत करू नये. एक पडताळा हाताशी ठेवावा: पहिल्या विधानातून ‘होय’ आणि दुसऱ्यातून ‘नाही’ निघत असेल, तर आपलंच कुठेतरी चुकलं आहे. नीट रचलेल्या प्रश्नात दोन विधानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

दोन पाड्यांचा भात

एका पाड्यावर एकरी सरासरी 12 क्विंटल भात, दुसऱ्यावर 18. मिळून एकरी सरासरी किती? दोन्हीकडचं मिळून क्षेत्र 45 एकर, एवढं कळून भागत नाही. पहिल्या पाड्याचं क्षेत्र दुसऱ्याच्या दुप्पट, एवढं कळलं की पुरतं: 12, 12 आणि 18 यांची सरासरी 14. अशा ठिकाणी प्रत्यक्ष एकर लागत नाहीत, गुणोत्तर लागतं.

हंड्यांचा हिशेब

खर्डीच्याच शहापूर तालुक्यात 1892 सालचं तानसा धरण आहे, मुंबईला सर्वाधिक पाणी देणारं भातसा आहे, पाऊसही भरपूर पडतो. तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. वर्षाच्या पावसाच्या सरासरीवरून वैशाखात विहिरीत पाणी असेल की नाही, हे सांगता येत नाही. त्यासाठी विहिरीची सगळ्यात खालची पातळी माहीत असावी लागते. तेव्हा शेवटचं गणित हंड्यांचं.

एका घराला दिवसाला निदान 6 हंडे पाणी लागतं. गेल्या आठवड्यात कोणत्या तरी दिवशी 6 हंड्यांपेक्षा कमी पाणी मिळालं का?

पहिलं विधान: सात दिवसांत एकूण 60 हंडे मिळाले.
दुसरं विधान: कोणत्याही दिवशी 9 हंड्यांपेक्षा जास्त मिळाले नाहीत.

एकेकट्या विधानाने काहीच ठरत नाही. दोन्ही एकत्र घ्या. एक दिवस शक्य तेवढा खाली न्यायचा, म्हणून उरलेल्या सहा दिवसांना 9-9 हंडे देऊ, म्हणजे 54. त्या एका दिवसाला उरले 6. यापेक्षा खाली जाताच येत नाही. सोमवारी किती आणि मंगळवारी किती, हे आपल्याला माहीत नाही, तरीही उत्तर ठाम ‘नाही’ आहे आणि माहिती पुरेशी आहे.

आता साठाऐवजी 59 हंडे धरा. सहा दिवसांचे 54 वजा केले की एका दिवसाला 5 उरू शकतात. पण तीन दिवस 9 आणि चार दिवस 8 हंडे, असंही झालेलं असू शकतं. एक हंडा कमी झाला आणि तीच दोन विधानं अपुरी पडली.