पहाटेची धडधड

पहाटे पाचला जाग येते. घर अजून झोपलेलं, पण माझ्या छातीत धडधड सुरू! डबे, मुलांची बस, सासूबाईंचं औषध, शाळेतला माझा तास, सगळं एकदमच अंगावर येतं. वर्षभर मी हे कुणाला बोलले नाही.

मैत्रिणींनो, हा काही दुबळेपणा नव्हे. जाग येण्याच्या सुमारास शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं असतं. ते आपल्याला कामाला उभं करतं. त्यात मनाला काळजी आणि झोप अपुरी, मग धडधड जास्तच जाणवते.

मी काय करते? उद्याची कामं रात्रीच कागदावर लिहून ठेवते. जाग आली की पडल्यापडल्या दहा वेळा सावकाश श्वास सोडते. रिकाम्या पोटी कडक चहा बंद. त्यानंही धडधड वाढते.

दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवाच; थायरॉइड किंवा रक्त कमी असल्यानंही असं होतं. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येतं.

आणि घरात सांगा. मी एके रात्री ह्यांना सांगितलं. तेव्हापासून मुलांचे डबे हेच भरतात!