कर कांद्यावर, हिशेब घरात

मैत्रिणींनो, ‘निर्यातशुल्क’ हा शब्द आपल्या घरात कांद्याबरोबरच आला. जुन्नर-आंबेगावात कांद्याची लागवड, खुरपणी, काढणी यांत बायकाच पुढे. पण त्या कांद्याचा भाव बिघडवणारे नियम ठरतात दिल्लीत.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. शुल्क भरतो व्यापारी, पण आपल्याकडून घेताना तेवढा भाव तो पाडूनच मागतो. डिसेंबरात तर निर्यातच बंद झाली. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच, असं तेव्हा सांगितलं होतं. त्या भरवशावर कितीतरी जणींनी उन्हाळी कांदा लावला. काढणी आली आणि बंदी वाढली! ती उठली मे महिन्यात, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं.

शहरातल्या बहिणीला कांदा स्वस्त मिळावा, हे मला पटतं. तिलाही महिना काढायचाच असतो. पण इथे रोप, खत, मजुरीचा पैसा आधीच गेलेला असतो. भाव पडला की ओतूर, आळेफाटा, मंचरच्या बाजारपेठेत कापडवाला, किराणावाला, सोनार सगळेच हात चोळत बसतात.

कर नकोच, असं मी म्हणणार नाही. रस्ते, शाळा, दवाखाने त्यातूनच होतात. पण नियम लागवडीआधी सांगा आणि काढणीपर्यंत तोच ठेवा. आधी कळलं, तर कमी पैशातही घर कसं चालवायचं, ते आम्हाला बरोबर जमतं.