नोंद, खूण आणि परिमाण : एका इंधनदर्शकाच्या बिघाडाची मीमांसा

विमानाच्या इंधनटाकीतील पातळी दाखविणारे उपकरण बिघडले असता दोष कोठे शोधावा, हा प्रश्न वरकरणी केवळ यंत्रशास्त्राचा आहे. परंतु शोधलेला दोष दुसऱ्यास कळवावयाचा असतो आणि तेथे तो भाषेच्या प्रांतात शिरतो. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ जातीच्या विमानाबाबत जे घडले, त्याचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे.

अशा विमानाच्या टाकीत एकात एक बसविलेल्या दोन धातूच्या नळ्यांचे संवेदक उभे केलेले असतात. प्रत्येक संवेदक म्हणजे एक धारित्रच होय. नळ्यांमधील पोकळीत हवा आहे की इंधन, यावर त्याची विद्युत्-धारिता अवलंबून असते. परावैद्युत स्थिरांक हवेचा जवळजवळ १, विमानी केरोसीनचा २ हून किंचित अधिक. साहजिकच इंधन जितके वर चढेल तितकी धारिता वाढते. (पाण्याचा हाच स्थिरांक ८० च्या आसपास असल्याने टाकीच्या तळाशी साचलेले थोडेसे पाणीही आकडा फुगवू शकते.) संवेदकांचे संकेत तारांवाटे एका गणकयंत्राकडे जातात आणि तेथून वैमानिकापुढील दर्शकावर आकडा उमटतो. दर्शक कोरा पडला म्हणून टाकीतील संवेदकावरच संशय घेणे उतावळेपणाचे ठरेल. एका टाकीचा आकडा तेवढा चुकत असेल तर संवेदक वा त्याची तार पाहावी; सर्वच टाक्यांचे आकडे एकाच वेळी नाहीसे झाले तर दोष त्या सर्वांच्या समाईक ठिकाणी असणे अधिक संभवनीय.

प्रस्तुत विमानात तसेच झाले होते. गणकयंत्रात दोन स्वतंत्र मार्ग होते. एक निकामी होताच दुसऱ्याने भार उचलावा, अशी योजना होती. परंतु दुसऱ्या मार्गातील एका वेटोळ्याचा सोल्डरचा सांधा कच्चा राहिला होता. त्यामुळे तो मार्ग धड चालेना, आणि पूर्ण बंद पडत नसल्याने पहिल्या मार्गाकडे हस्तांतरही होईना. अर्धवट बिघाड हा पूर्ण बिघाडाहून घातक ठरतो तो असा. एडमंटन येथील तंत्रज्ञाच्या ध्यानात आले की, दुसऱ्या मार्गाचा सर्किट ब्रेकर ओढून त्याचा वीजपुरवठाच तोडला असता पहिला मार्ग कामाला लागतो आणि दर्शक उजळतात. बदली यंत्र हाताशी नव्हते. म्हणून त्याने ब्रेकर ओढला, त्यावर चिठ्ठी अडकविली आणि मोजदांडीने इंधन तपासून घ्यावे, असे सुचविले. निदान म्हणून हे काम निर्दोष होते.

नोंदवहीतील त्याची नोंद मात्र तशी नव्हती. तपासणीत दर्शक कोरे आढळले. दुसऱ्या क्रमांकाचा ब्रेकर ओढून चिठ्ठी लावली. उड्डाणापूर्वी मोजदांडीने माप घ्यावे, अशी तुटक वाक्ये तीत एकापुढे एक मांडली होती. ब्रेकर ओढल्यामुळे दर्शक पुन्हा चालू झाले, हे विधान तीत नव्हते. कार्यकारणभाव दर्शविणारे एखादे अव्यय, एखादे क्रियापद जरी असते तरी अर्थ निश्चित झाला असता. लिहिणाऱ्यास पूर्वपीठिका ठाऊक असल्याने ही उणीव त्यास जाणवली नाही, आणि वाचणाऱ्याकडे ती पूर्वपीठिकाच नव्हती.

पुढे माँट्रियल येथे दुसऱ्या तंत्रज्ञाने चाचणीसाठी तो ब्रेकर आत दाबला. दर्शक कोरे पडले. इतक्यात इंधन भरण्याच्या कामाकडे लक्ष वेधले जाऊन तो ब्रेकर तसाच राहिला. चिठ्ठी मात्र लटकत राहिली. खूण होती, खुणेचा विषय उरला नव्हता. नव्याने विमान हाती घेणारे कप्तान रॉबर्ट पिअर्सन यांनी नोंद वाचली, समोर कोरे दर्शक पाहिले आणि दोहोंचा मेळ त्यांना तंतोतंत बसलेला दिसला. मागील कप्तानाशी झालेल्या बोलण्यावरूनही विमान दर्शकाविनाच आले, अशी त्यांची समजूत झाली होती. वस्तुतः किमान उपकरणसूचीनुसार सर्व दर्शक बंद असता उड्डाण अनुज्ञेय नव्हते. परंतु देखभाल विभागाने ते मान्य केले आहे, असे त्यांनी गृहीत धरले.

आता सर्व भिस्त मोजदांडीवर होती. टाकीत ७,६८२ लिटर इंधन असल्याचे आढळले. आवश्यकता २२,३०० किलोग्रॅमची होती. लिटरांचे वजन काढण्यासाठी १.७७ हा गुणक घेतला गेला. तो लिटरमागे पौंडांचा होता, किलोग्रॅमसाठी ०.८०३ हवा होता. या कंपनीच्या ताफ्यात मेट्रिक परिमाणाचे हे पहिलेच विमान होते आणि इंधनाच्या पावतीवर छापलेला १.७७ हा आकडा परिमाणाविना, केवळ गुणक म्हणून सर्वांच्या अंगवळणी पडलेला होता. परिणामी २०,०८८ लिटर भरण्याऐवजी ४,९१६ लिटर भरले गेले. एकूण इंधन सुमारे १०,१०० किलोग्रॅम, म्हणजे २२,३०० पौंड, झाले. आकडा तोच, परिमाण निराळे. ओटावा येथे पुन्हा माप घेण्यात आले, तेही त्याच गुणकाने. एकाच चुकीच्या सूत्राने दोनदा केलेली तपासणी ही एकच तपासणी होय. विमानातील संगणकाला तर आरंभीचा आकडा हातानेच पुरविला असल्याने तो त्यातूनच इमानाने वजाबाकी करीत राहिला.

उड्डाणादरम्यान दोन्ही इंजिने इंधनाअभावी बंद पडली. पिअर्सन व सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी विमान तरंगत नेऊन मॅनिटोबातील गिम्ली येथील जुन्या हवाई तळावर उतरविले. विमानातील ६९ जणांपैकी कोणीही दगावले नाही. न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवुड यांच्या चौकशीचा अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कच्च्या सांध्याची चर्चा आहेच. परंतु इंधनाचे गणित नेमके कोणी करावयाचे, हे पूर्वीच्या विमानांतील उड्डाण-अभियंत्याचे पद या विमानात नसल्याने कोणासच स्पष्ट नव्हते, याकडेही तो लक्ष वेधतो. विमान दुरुस्त होऊन २००८ पर्यंत सेवेत होते.