भरतीच्या वेळापत्रकाने एक दिवस : ठाणे खाडीतील पक्षी

मुंबईतील काम दुपारीच आटोपते आणि परतीची गाडी रात्रीची असते, असा प्रसंग जिल्ह्यांतून येणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यावर वारंवार येतो. हे मधले तास बहुधा प्रतीक्षालयात किंवा बाजारात जातात. नोव्हेंबर ते मे या काळात मात्र ते ठाणे खाडीच्या काठी घालविण्यासारखे असतात. राज्य शासनाने २०१५ साली या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित केला. २०२२ मध्ये खाडीस रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

येथे जाणाऱ्याने रेल्वेच्या वेळापत्रकाआधी पंचांग पाहावे. किनाऱ्यावरील जुना हिशेब असा, की अमावास्या किंवा पौर्णिमेपासून मोजलेल्या तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. अमावास्येस व पौर्णिमेस मध्यान्ही आणि मध्यरात्री. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पूर्ण ओहोटीत चिखल इतका दूरवर उघडा पडतो की पक्षी केवळ ठिपके भासतात, आणि पूर्ण भरतीत त्यांना उभे राहावयास जागाच उरत नाही. भरतीपूर्वीचे दोन-तीन तास उत्तम होत. चढते पाणीच पक्ष्यांना काठाकडे आणते. दुपारी मोकळ्या होणाऱ्यास म्हणूनच चतुर्थी ते सप्तमी या तिथी सोयीच्या.

पूर्वी शिवडीची जेट्टी ही पक्षी पाहण्याची प्रसिद्ध जागा होती. आता तेथील चिखलपट्ट्यावरून, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू जातो. बाहेरगावच्या प्रवाशास ऐरोली अधिक सुकर. ठाणे स्थानकावरून वाशीकडे जाणाऱ्या लोकलने ऐरोलीस उतरावे व रिक्षाने वन विभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जावे. येथून खाडीत नौका जातात. त्यांच्या वेळाही भरतीवर ठरत असल्याने आधी चौकशी करावी.

रोहित दोन जातींचे. मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीचे टोक काळे. छोटा रोहित ठेंगणा, अधिक गडद, चोच काळपट तांबडी. दोघेही मान खाली घालून चोच उलटी धरतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर करून चोचीतील चाळणीने अन्न गाळतात. मोठ्याची चाळणी जाड असून तीत कोळंबीसारखे लहान जीव अडकतात. छोट्याची इतकी बारीक की सूक्ष्म शेवाळही सुटत नाही. त्यामुळे एकाच पाण्यात दोघांचे भागते. गुलाबी रंग जन्मतः नसतो, अन्नातील रंगद्रव्यांतून येतो. करड्या रंगाची पिले थव्यात सहज ओळखू येतात.

रोहितांच्या पायांशी वावरणाऱ्या लहान पक्ष्यांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, ही खेदाची गोष्ट. बाकचोच तुतवार हा मूठभर पक्षी सैबेरियाच्या टुंड्रा प्रदेशात अंडी घालतो व हिवाळ्यास इकडे येतो. चिखल्याची आखूड चोच वरचा थर टिपते, तुतवाराची त्याखाली शिरते, आणि लांब पायांचा शेकाट्या खोल पाण्यात उभा राहतो. ज्या चिखलास आपण सहज ओसाड म्हणतो, त्याचे असे थराथराने वाटे पडलेले आहेत. शिक्षकांना अन्नसाखळीचा पाठ देण्यास याहून चांगला फळा मिळणे कठीण.

भरतीत हा चिखल बुडाला म्हणजे पक्षी जातात कोठे? काठावरील उथळ तलावांत व पाणथळ जागांत. खाडी राखली आणि हे विसाव्याचे तलाव गमावले, तर अभयारण्य अर्धेच राहते. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याचा मार्ग बुजल्याने २०२४ साली तो कोरडा पडू लागला. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या अनेक ग्रामपंचायतींच्या हद्दीत अशी खाजणे आहेत. त्यांतून रस्त्याचा भराव घालताना भरतीच्या पाण्यासाठी मोरी ठेवली आहे काय, व ती पुरेशी रुंद आहे काय, हे पंचायत सदस्यांनी काम सुरू होण्यापूर्वीच नकाशावर तपासून घ्यावे.