‘फकिरा’ आणि दुष्काळाचा तास

गेल्या पंधरवड्यात ग्रंथालयातून दोन कादंबऱ्या आणल्या: व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९). दोहोंतही दुष्काळ आहे. माडगूळकरांच्या माणदेशात पाऊस पाठ फिरवितो आणि धनगरांची वाडी मुकाट्याने ओस पडते. लेखणी इतकी संयत, की निसर्गावाचून दुसरा कोणी दोषी वाचकास दिसत नाही. कलाकृती म्हणून ती श्रेष्ठ, याविषयी वाद नाही.

अण्णाभाऊंचा नायक मात्र भुकेल्यांसाठी धान्य लुटतो. नायक अतिथोर, निवेदन घाईचे, हे आक्षेप मान्य करूनही, अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास तीच अधिक खरी वाटली. कोठारात धान्य असते; त्यावर हक्क नसतो, म्हणून माणसे मरतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात नेमके हेच साधार मांडले.

महाडकरांस यात नवल वाटू नये. चवदार तळ्यात पाणी होतेच. विधिमंडळातील १९२३ च्या बोले ठरावास अनुसरून नगरपालिकेने १९२४ साली ते सर्वांस खुले केले, पण कागदावर! अस्पृश्यांच्या ओंजळीत ते येण्यास २० मार्च १९२७ उजाडावा लागला. उच्च न्यायालयाचा निर्णय तर १९३७ चा. ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे.

आमच्या अभ्यासक्रमात कादंबरीस स्थान नाही. तरीही दुष्काळाच्या तासास ‘फकिरा’ नेणार आहे. ग्रंथपालांकडून आठ दिवसांची मुदत वाढवून घेतली आहे.