स्वस्तातला सूड

माधवनगर स्टेशनातून पुण्याकडे निघालेली गाडी नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी मागं टाकत शेणोलीला पोचते. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच कृष्णेकाठची काळी रानं. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या तुफान सेनेच्या पोरांनी इथली एक गाडी अडवली. गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती. पोरांनी रुळांवर धोंडे रचले, गाडी थांबली, आणि ती उलटी सरकून निसटू नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही धोंडे टाकले. म्होरके होते कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ. हातात बंदुका नव्हत्या. काठ्या, विळे आणि गावठी बॉम्ब, एवढ्यावर काम भागलं. ही लूट नव्हे, आमचाच पैसा परत आणला, असं कॅप्टन भाऊ नव्वदी ओलांडल्यावरही ठासून सांगत.

अमेरिकेत वेस्टर्न चित्रपटाचा ओनामाच आगगाडीच्या दरोड्याने झाला. १९०३ सालचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ जेमतेम बारा मिनिटांचा आहे. पुढची साठ-सत्तर वर्षं हॉलिवूड घोडे, धूळ आणि पिस्तुलं विकत राहिलं. आपल्याकडे आगगाडी होती, घोडे होते, फरारी होते, खजिने होते. सूडाला तर तोटाच नव्हता: बांधाच्या वितभर जमिनीवरून, पाटाच्या पाळीवरून, जत्रेतल्या मानपानावरून तीन-तीन पिढ्या धुमसत राहिलेली घरं वाळवा-तासगावात कुणालाही माहीत असतात. तरी आपल्या मातीत वेस्टर्न उगवला नाही. वेगळंच काही उगवलं. ते नीट दिसायला १९५९ हे साल सोयीचं आहे.

त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘राइड लोनसम’ झळकला. दिग्दर्शक बड बोएटिकर, लेखक बर्ट केनेडी, नायक रँडॉल्फ स्कॉट. तरुणपणी मेक्सिकोत बैलांशी झुंजायला शिकलेला बोएटिकर तिथूनच सिनेमात आला होता. स्कॉटने तेव्हा साठी गाठलेली. १९५६च्या ‘सेव्हन मेन फ्रॉम नाउ’पासून या मंडळींनी छोटे-छोटे वेस्टर्न काढायला घेतले होते. दोन-तीन आठवड्यांत चित्रीकरण उरकायचं, नटसंच बोटांवर मोजण्याइतका ठेवायचा आणि कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये तळ टाकायचा, असा खाक्या. नेपथ्याला तिथले गोल खडक फुकट, उन्हाचंही बिल नाही. त्र्याहत्तर मिनिटांत चित्रपट संपतो. आपल्याकडे एवढ्या वेळात जेमतेम मध्यंतर होतं.

गोष्ट म्हटलं तर चार ओळींची. बेन ब्रिगेड हा इनामासाठी गुन्हेगार पकडणारा माणूस बिली जॉन नावाच्या खुनी पोराला बेड्या घालून सांताक्रूझला न्यायला निघतो. वाटेत एक बाई आणि दोन गुंड सोबत लागतात. बिली हाती लागला तर जुने गुन्हे माफ होतील, ही गुंडांची आशा. बिलीचा थोरला भाऊ फ्रँक मागावर आहे, आणि ब्रिगेड मात्र उघड्या माळावरून रमतगमत चाललाय. पाठलाग होतोय म्हटल्यावर माणूस आडवाटेला लागेल, रात्रीचं चालेल. हा दिवसाढवळ्या मोकळ्या रानात ठाण मांडतो. बऱ्याच उशिरा उलगडा होतो: त्याला इनामाशी देणंघेणंच नाही, बिली नुसतं आमिष आहे. पूर्वी फ्रँकने ब्रिगेडच्या बायकोला एका झाडावर फास लावून मारलं होतं. ब्रिगेडला फ्रँक हवाय, आणि तोही त्याच झाडाखाली.

या फ्रँकचं काम ली व्हॅन क्लीफने केलंय. पडद्यावर तो थोडाच वेळ आहे, पण चित्रपटाची कळ त्याच्यापाशीच आहे. ब्रिगेड आपल्या मागे का लागलाय, याचा धागा जुळल्यावर तो जे बोलतो त्याचा अर्थ एवढाच, की ही गोष्ट इतकी जुनी झाली की मी विसरूनच गेलो होतो. त्यात पश्चात्ताप नाही की मग्रुरी नाही. ज्याने ब्रिगेडचा संसार धुळीला मिळवला, त्याच्या लेखी ती एक मागची किरकोळ बाब. माझ्या मते सूडाच्या गोष्टीतली खरी ठिणगी हीच. केलेल्या घातापेक्षा तो विसरला जाणं जास्त जाळतं. ब्रिगेडला फ्रँकला मारायला कुठलाही खडक चालला असता, पण त्याला आठवण करून द्यायची आहे. म्हणून एवढी पायपीट, म्हणून ते झाड. फ्रँक पडल्यावर ब्रिगेड बिलीला गुंडांच्या हवाली करतो आणि झाड पेटवून देतो. कॅमेरा ज्वाळांसोबत वर चढतो, ब्रिगेड खाली एकटा उभा. बाकीचे पुढच्या वाटेला लागलेले.

त्याच वर्षी अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. माने कोल्हापूरचे, ‘प्रभात’मध्ये संकलनाचं काम शिकलेले. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची आणि गाणी गदिमांची, म्हणजे दोघं भाऊ आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. संगीत वसंत पवारांचं. ‘बुगडी माझी सांडली गं’ गाणाऱ्या आशा भोसलेंचा जन्मही सांगलीचाच. वेस्टर्नचा पत्ता जसा अलाबामा हिल्स, तसा या चित्रपटाचा पत्ता बराचसा आपल्या सांगली जिल्ह्यातच सापडतो. पुण्याच्या ‘विजयानंद’ थिएटरात तो १३१ आठवडे चालला. जयश्री गडकर त्यानंतर रातोरात मोठ्या झाल्या.

इथेही गोष्ट सूडाचीच. गावचा माजलेला पुढारी एका शेतकरी कुटुंबाचा घात करतो. त्या घातातून जन्मलेली मुलगी तमाशाच्या फडात वाढते, आणि वर्षांनंतर गावाची ती झाकलेली गोष्ट बोर्डावरून खुद्द गावालाच ऐकवली जाते. शेवटाचा तपशील फोडून न पाहिलेल्यांचा रस घालवत नाही. पण रचना पाहा. ढोलकी वाजतेय, गाव जमलाय, पुढची बैठक अर्थातच पुढाऱ्याची. फेटे उडवायला आलेल्या माणसांना हळूहळू कळू लागतं, की ही लावणी आपल्याच वेशीच्या आतली आहे. पुढारी विसरला होता. गावाने विसरल्याचं सोंग घेतलं होतं. दोघांचा हिशेब एकाच बैठकीत होतो.

ब्रिगेड फ्रँकला माणसांपासून दूर, निर्मनुष्य जागी नेतो. आपल्याकडे गुन्हेगाराला भर सभेत बसवावं लागतं. चारचौघांसमोर झालं नाही तर तो सूड झालाच नाही, अशी आपली धारणा. माळावरच्या एकांड्या शिलेदाराने गोळी घालून परस्पर निघून जावं, यात इथल्या प्रेक्षकाचं पोट भरत नाही. त्याला पुढाऱ्याचा पडलेला चेहरा बघायचा असतो. वेस्टर्न इथे रुजला नाही त्याचं कारण मला घोड्यांच्या किंवा पैशांच्या टंचाईत दिसत नाही, ते या सभेत दिसतं.

पैशांचं म्हणाल तर दोन्हीकडे ओढाताणच. फरक इतकाच, की हॉलिवूडच्या गरिबीलाही सिनेमास्कोप आणि रंग परवडायचे. ‘सांगत्ये ऐका’ कृष्णधवल आहे. बोएटिकरला निसर्गाने फुकट खडक दिले तसा मराठी निर्मात्याला फुकट मिळाला तमाशाचा बोर्ड: फळ्यांचं व्यासपीठ, मागे पडदा, दिवे, ढोलकी, तुणतुणं, आणि समोर गर्दी. ही गर्दी हौसेने येई, वर स्वतःच्या घरचेच कपडे घालून. त्या बोर्डाची ताकद सांगलीकराला नव्याने सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीत, आणि लावणीचे पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे.

वाळवा तालुक्यातल्याच वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी आली तीही १९५९ मध्येच. फकिराचा बाप राणोजी गावासाठी जत्रेची जोगणी आणताना मारला जातो. पुढे ज्या घराण्याने बाप मारला त्यातला माणूस फकिराच्या तावडीत सापडतो. फकिरा त्याला ठार करत नाही, हात तोडून जिवंत सोडतो. म्हणजे इथेही आठवणीचीच सोय. मेलेला माणूस विसरतो, थोटा माणूस रोज जेवताना आठवतो. १९६३ मध्ये कुमार चंद्रशेखर यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला, त्यात फकिरा होते सूर्यकांत. खजिना लुटणारा, दुष्काळात माणसं जगवणारा हा नायक वेस्टर्नच्या साच्यात चपखल बसला असता. पण अण्णाभाऊंचा फकिरा क्षणभरही एकटा नाही. त्याच्यामागे सगळा मांगवाडा आहे, आणि इंग्रज सरकार जेव्हा त्याचीच माणसं ओलीस धरतं तेव्हा तो स्वतःहून हजर होतो. रँडॉल्फ स्कॉटला ओलीस धरायला मागे कुणी उरलेलंच नसतं.

मुंबईने मात्र वेस्टर्न सरळ उचलला. १५ ऑगस्ट १९७५ला आलेला ‘शोले’ सत्तर एमएमचा, अवाढव्य खर्चाचा. ठाकूरने गब्बरला ठार मारल्याचा मूळ शेवट सेन्सॉरने बदलायला लावला आणि ऐनवेळी पोलिस आणून उभे केले. आणीबाणीचे दिवस होते, सूड घेण्याचा मक्ता सरकारला दुसऱ्या कुणाकडे जाऊ द्यायचा नव्हता.

आता ‘सांगत्ये ऐका’मधल्या हंसा वाडकरांबद्दल. त्यांनी पुढे स्वतःचं आयुष्य अरुण साधूंना सांगितलं. ते ‘माणूस’ साप्ताहिकात क्रमशः आलं आणि १९७०मध्ये त्याचं पुस्तक निघालं, त्याच चित्रपटाचं नाव घेऊन. लहानपणी घर चालवायला सिनेमात ढकललेली मुलगी, ठेच लागलेला संसार, दारू, आलेली-गेलेली माणसं, सगळं त्यांनी त्यात उघडं केलंय. ज्यांनी दुखावलं त्यांच्याविषयी बोलतानाही त्यांची जीभ तिखट होत नाही. पडद्यावर त्या ज्या चित्रपटात होत्या तो सूडाचा होता. स्वतःची पाळी आली तेव्हा त्यांनी गोष्ट सांगितली आणि हिशेब मागितला नाही. पुस्तक आल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९७१मध्ये त्या गेल्या. श्याम बेनेगलांनी या पुस्तकावरून १९७७मध्ये ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटीलना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.