खडी गेली, वाळू आली
घरातल्या काचेच्या टाकीचा तळ बदलताना

"अम्मी, हिच्या मिशा कुठं गेल्या?"

सातवीतली माझी लेक काचेला नाक लावून बसली होती. आमच्या दोन फुटी टाकीत गप्पी आहेत, निऑन टेट्रा आहेत आणि तळाशी फिरणारे पाच कोरी कॅटफिश आहेत. या कोरींच्या तोंडाजवळ मिशांसारखे मऊ धागे असतात. मी वाकून पाहिलं, तर एका मासळीच्या मिशा अगदी मुळापर्यंत झिजलेल्या होत्या. दुसरीच्या एका बाजूच्या निम्म्या उरल्या होत्या.

टाकी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अब्बांची. निवृत्तीनंतर त्यांनी ती हौसेनं घेतली. असरच्या नमाजनंतर चहाचा कप घेऊन ते तिच्यासमोर बसतात आणि मगरिबपर्यंत तिथून हलत नाहीत. म्हणून त्या मिशांची बातमी मी थोडी भीतभीतच त्यांना सांगितली.

मिशा कशासाठी?

कोरी हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांमधला मासा. तिथं अनेक ठिकाणी तळाशी मऊ वाळू आणि कुजलेला पाला असतो. मासा त्यात थेट तोंड खुपसतो, मिशांनी चाचपून बारीक किडे-अळ्या शोधतो, खाण्याजोगं ते खातो आणि वाळू कल्ल्यांमधून बाहेर सोडून देतो. मिशा म्हणजे त्याची बोटंही आणि जीभही.

आमच्या टाकीत होती वाटाण्याएवढी रंगीत खडी. तिच्यात तोंड खुपसता येत नाही, आणि धारदार खडे असले तर मिशा घासल्या जातात. पण खरं कारण अनेकदा खड्यांच्या फटींत दडलेलं असतं. माशांचं खाणं आणि विष्ठा तिथं घरंगळते, कुजते आणि त्यात वाढणाऱ्या जंतूंमुळे मिशांना संसर्ग होतो. तेव्हा वाळू घातली की सगळं आपोआप बरं होईल असं नाही, तळ स्वच्छही राहायला हवा. वाळूचा फायदा हा की घाण तिच्या आत शिरत नाही. ती वरच पडून राहते, दिसते आणि नळीनं ओढून काढता येते.

कुहली लोच हा सापासारखा लांबट मासा तर वाळूत गाडूनच घेतो. गोल्डफिशलाही तळ उकरायची सवय असते. कधीकधी खडीचा खडा त्याच्या तोंडात अडकतो. बारीक वाळूत ही भीती राहत नाही.

"थांब, बेटी"

दुकानदार म्हणाला, "खडी काढा, वाळू टाका, अर्ध्या तासाचं काम." मीही रविवारी उरकून टाकायचं ठरवलं. अब्बा म्हणाले, "थांब, बेटी. मागच्या ईदचं विसरलीस का?"

विसरले नव्हते. ईदच्या आधी घराची साफसफाई करताना मी टाकीही 'लख्ख' केली होती. सगळी खडी नळाखाली चोळून धुतली, सगळं पाणी बदललं. ईदच्या दिवशी टाकी आरशासारखी चमकत होती. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. दोन दिवसांत चार गप्पी गेले. अब्बा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी ते टाकीसमोर बसले नाहीत, इतकंच. तेच मला जास्त लागलं.

चूक कुठं झाली ते नंतर वाचून कळलं. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी असतो. टाकीतले उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात मासे सहन करतात आणि पाणी बदललं की ते कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते खडीवर आणि फिल्टरमध्ये चिकटून राहतात. क्लोरीनच्या पाण्यानं खडी चोळून मी त्यांचाच फडशा पाडला होता.

शिवाय आमच्या टाकीत खडीखाली जाळीदार प्लेटचा फिल्टर होता. त्यात पाणी खडीतून खाली ओढलं जातं, म्हणजे खडी हाच फिल्टर. अशा प्लेटवर वाळू चालत नाही; ती भोकांतून खाली जाते किंवा ती बुजवून टाकते. म्हणजे आम्ही खडी काढणार, तर फिल्टरही काढणार. अब्बांचं "थांब" अगदी योग्य होतं.

आधी सहा आठवडे

आम्ही स्पंजचा फिल्टर आणला आणि जुनी प्लेट चालू ठेवूनच तो टाकीत लावला. हवेचा पंप दोन नळ्यांचा असल्यामुळे दोन्ही एकत्र चालले. सहा आठवडे बाकी कशालाही हात लावला नाही. तेवढ्यात स्पंजवर जिवाणूंची वस्ती होते. तुमच्याकडे आधीपासून काचेवर टांगायचा किंवा टाकीच्या आतला वेगळा फिल्टर असेल, तर एवढं थांबण्याची गरज नाही. पण तळ बदलाल त्या आठवड्यात आणि त्याच्या आगेमागे तो फिल्टर धुऊ नका.

वाळू कोणती?

आम्ही रत्नागिरीकर. लेकीनं लगेच पिशवी घेतली, "चला भाट्याच्या किनाऱ्यावर!" पण समुद्राची वाळू गोड्या पाण्याच्या टाकीत नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपला म्हणजे चुना, तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. वाटीत चमचाभर कोरडी वाळू घ्या आणि वर सिरका ओता. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे. लेकीनं किनाऱ्याच्या वाळूवर हा प्रयोग करून पाहिला, आणि वाटी फसफसल्यावर हट्ट सोडला.

बांधकामाची क्रश सँडही नको, तिचे कण दगड फोडून केलेले आणि धारदार असतात. पाणी गाळण्याच्या यंत्रात वापरतात ती सिलिका वाळू उत्तम. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे भागात या वाळूच्या खाणी आहेत. कण साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचे, बोटांना गोलसर लागणारे असावेत. अगदी पिठासारखी वाळू घट्ट बसते आणि फिल्टरमध्येही जाते.

किती लागेल? टाकीची लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजारानं भागा. आमची टाकी 60 बाय 30 आणि थर 3 सेंटिमीटर, म्हणजे 5.4 लिटर वाळू. एका लिटरचं वजन साधारण दीड किलो धरलं तर आठ-नऊ किलो पुरते. जास्त जाड थर करू नका. खोल वाळूत हवा पोचत नाही, काळे डाग पडतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

वाळू धुणं हे सर्वांत कंटाळवाणं काम. बादली एकतृतीयांश भरायची, पाणी सोडायचं, हातानं ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं. आमची दहा-बारा पाणी झाली. साबण अजिबात लावू नका. आम्ही ते गढूळ पाणी माडाच्या अळ्यात ओतलं.

तो दिवस

1. आदल्या दिवशी माशांना खाणं दिलं नाही, म्हणजे बादलीतलं पाणी कमी घाण होतं.

2. नळीनं टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी बादल्यांमध्ये आणि टपात काढलं. हे पाणी परत टाकीत जायचं असतं.

3. मासे टाकीच्याच पाण्याच्या बादलीत हलवले. कोरींना जाळीनं पकडू नका. त्यांच्या परांना काटे असतात, ते जाळीत अडकतात. प्लास्टिकच्या डब्यानं उचला. बादलीत हवेची नळी आणि स्पंज फिल्टर सोडला आणि वरून पातळ ओढणी बांधली, कारण मासे उडी मारतात.

4. मासे बाहेर असतानाच खडी उपसली. खालचा गाळ हलला की विषारी वायू आणि अमोनिया पाण्यात मिसळतो, त्यात मासा नको. प्लास्टिकचा मग वापरला. लोखंडी उलथन्यानं काचेवर ओरखडे पडतात आणि कोपऱ्यातलं सिलिकॉन फाटतं. शेवटी प्लेट निघाली. तिच्याखालचा काळा चिखल पाहून अब्बा म्हणाले, "एवढं आपल्या नाकाखाली होतं!"

5. तळाचं घाण पाणी पूर्ण काढलं, ओली वाळू मुठीमुठीनं पसरली. वाळूवर एक बशी ठेवली आणि त्या बशीवर जुनं पाणी हळूहळू ओतलं, म्हणजे वाळू उसळत नाही. कमी पडलं ते नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून, क्लोरीन काढणारे थेंब घालून ठेवलेलं होतं.

6. दोन मुठी जुनी खडी टाकीच्या पाण्यात हलकेच विसळून जुन्या नायलॉनच्या पायमोज्यात बांधली आणि टाकीत टांगली. तिच्यावरचे जिवाणू आणखी काही आठवडे कामी आले.

7. गढूळपणा थोडा बसल्यावर स्पंज परत लावला आणि मासे सोडले. ज्यांच्या फिल्टरला मोटर आहे त्यांनी वाळू पूर्ण बसेपर्यंत ती बंद ठेवावी, नाहीतर कण आत जाऊन मोटर बिघडते. तोवर स्पंज किंवा जाळी टाकीच्या पाण्यात भिजती ठेवा आणि हवेची नळी चालू राहू द्या.

वेगळा फिल्टर आहे आणि खाली प्लेट नाही, अशांना हेच काम तीन टप्प्यांत, दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं करता येईल.

पुढचे पंधरा दिवस

पहिले दोन दिवस पाणी दुधाळ राहतं, घाबरू नका. खाणं निम्म्यावर आणा. थेंबांच्या किटनं रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य हवेत. मासे वर येऊन धापा टाकू लागले किंवा कल्ले लालबुंद दिसले तर खाणं बंद करा आणि पाव-तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन काढूनच. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी अमोनियाची किंचित रेषा दिसली. पाव पाणी बदललं, दोन दिवसांत ती गेली.

आता आठवड्यातून एकदा नळी वाळूच्या बोटभर वर धरून घाण ओढून घ्यायची आणि कधीतरी बोटानं वाळू हलकेच हलवायची. काढलेलं पाणी मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला. उरलेली खडी कुंड्यांच्या तळाशी गेली.

यावेळी एकही मासा गेला नाही. संध्याकाळपर्यंत कोरी डोळ्यांपर्यंत तोंडं वाळूत खुपसून कल्ल्यांतून वाळू उडवत होत्या. हे त्यांनी आमच्याकडे कधीच केलं नव्हतं. तीन महिन्यांनी एका मासळीच्या मिशा पुन्हा थोड्या वाढल्यासारख्या दिसल्या. मुळापासून गेलेल्या दुसरीच्या मात्र आल्या नाहीत. ती तशीच, पण आनंदानं फिरते आहे.

अब्बांनी खुर्ची थोडी पुढं ओढून घेतली. म्हणाले, "मुकी अमानत आहे. तिला सांगता येत नाही, आपणच बघायला पाहिजे." आणि चहाचा कप माझ्याकडे न देता, पहिल्यांदाच, नातीला जवळ बसवून घेतलं.